लिमयेबाईंचा पन्नास सालचा रुपया

लिमयेबाई कुठलीही वस्तू कडेनं धरायच्या. पोस्टकार्ड, परीक्षेचे पेपर, चहाची बशी, प्रसादाचा पेढासुद्धा. अंगठा आणि तर्जनी, एवढ्या दोनच बोटांत. संक्रांतीला कुणी तिळगूळ देताना हात हातात घेतला, तर त्या तो सोडवून घ्यायच्या आणि पदराला पुसायच्या. मी मिरजेहून लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि त्यांच्या शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं प्रस्थ असेल. शिवणाच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सोवळं कसलं, नाण्यांचं खूळ आहे ते. तुमच्याकडे काही जुनं नाणं असेल तर दाखवू नका हो तिला. रडत घरी जाल." तो सल्ला मी ऐकायला हवा होता.

लिमयेबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. झाडगावात दोन खोल्या आणि एक पडवी भाड्यानं घेऊन राहायच्या. गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं एक पितळी भिंग, बाकी गळा मोकळा. नाणं बघताना डावा डोळा मिटून घ्यायची सवय इतक्या वर्षांची, की तो डोळा कायमचा बारीक झाला होता. त्यामुळे त्या सरळ बघत असल्या तरी समोरच्याला वाटायचं, आपल्यात काहीतरी खोट सापडली आहे. बहुतेक वेळा सापडलेलीच असायची. पोरांच्या चित्रात खोडरबराची खूण दिसली, की त्या कागद कडेनं उचलून वर्गाला दाखवायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "घासलंय." मग चित्र कितीही चांगलं असो, दहापैकी तीन.

त्यांचे वडील, अप्पा, मुंबईला टांकसाळीत होते. नाणी ज्या ठशांनी पडतात, त्या ठशांना आरशासारखी जिल्हई करण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. बाजारात फिरायची नाणी साध्या ठशांवर भराभर पडतात, ती चलनी. नमुन्याची म्हणून जपायची असतात त्यांच्यासाठी ठसा घासून घासून आरसा करतात आणि एकेक नाणं सावकाश, दोनदा दाबून काढतात, ते प्रूफ. हे सगळं बाई लहानपणी अप्पांच्या मांडीवर बसून शिकल्या. दर रविवारी सकाळी पडवीत त्या चटई टाकून बसायच्या आणि लोक नाणी घेऊन यायचे. एकही पैसा घ्यायच्या नाहीत. चहा मात्र नाणं बघून झाल्यावर, आणि तोही फक्त नाणं खरं निघालं तर.

तसा चहा मी फार वेळा होताना पाहिला नाही. बाईंचा निकाल ठरलेला असायचा. "चलनी आहे. चालवा." एवढंच. माणूस मालगुंडाहून सकाळची एसटी पकडून आलेला असो की शेजारच्या आळीतला असो, वाक्यात एक अक्षर वाढायचं नाही.

मला मात्र त्यांनी शिकवलं, आणि त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. "चमकतंय म्हणून भुलू नका, देसाईबाई. चमक कोण पण आणतो. रेघा बघा. ठशावरच्या जिल्हईच्या रेघा नाण्यावर उठून येतात आणि अक्षराच्या पायथ्याशी थांबतात. फडक्यानं घासलेल्या नाण्याच्या रेघा खोल जातात आणि अक्षरांवरनं चालत जातात. आणि अक्षराच्या कुशीत बघा, तिथे फडकं पोचत नाही. प्रूफ तिथेही आरसाच असतं. घासलेलं तिथे काळं राहतं."

दुहेरी उठलेल्या अक्षरांचं तसंच. लोक भिंगातून अक्षराशेजारी सावली दिसली की धावत यायचे, कारण ठशातच अक्षर दोनदा कोरलं गेलेलं नाणं फार दुर्मिळ. बाईंनी शाळेचा रबरी शिक्का घेतला आणि कागदावर दोनदा, किंचित सरकवून उठवला. "हे खरं. अक्षर जाड होतं, टोकाला खाच पडते." मग पुन्हा उठवला आणि उचलताना मुद्दाम हात हलवला. "हे खोटं. नाणं पडताना ठसा नुसता हलला. पायरीसारखी चपटी सावली पडते, आणि ती अक्षराचंच अंग खाते." त्या दिवसापासून मला कुठलंही नाणं सरळ खर्च करता आलेलं नाही.

शिकवण्यामागे त्यांची गरजही होती. अप्पांची एक रीत होती: एका माणसाच्या नजरेवर निकाल द्यायचा नाही. आधी स्वतः बघायचं, मग भिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं, आणि त्यानं तोंडानं बोलायचं. दोघांचं जुळलं तरच निकाल. माझ्या आधी ही दुसरी नजर कोणाची होती, ठाऊक नाही. सात वर्षं मात्र ती माझी होती. दर रविवारी बाई भिंग माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बोला." मी बोलायची. म्हणजे त्या पडवीतून जी माणसं मान खाली घालून गेली, त्यांना घालवण्यात माझा अर्धा वाटा होता.

एक नाणं तेवढं त्या भिंगाखाली कधी आलं नाही. बाईंचं स्वतःचं. पन्नास सालचा निकलचा रुपया, शिसवी डबीत, कापसात. अप्पा निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी वाटण्या केल्या. गावचं घर आणि हापूसची सत्तर कलमं दोघा मुलांना. बाईंच्या हातात ही डबी दिली आणि म्हणाले, "टांकसाळीत माझ्या हातनं गेलेलं सगळ्यात उत्तम प्रूफ आहे हे. त्यात सालाच्या आकड्यातला पाच दुहेरी उठलाय. असा दुसरा नाही. तुला घरातली सगळ्यात मोठी वस्तू देतोय." बाईंनी त्याच दिवशी हक्कसोडीच्या कागदावर सही केली. हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी शेवटी हसून म्हणायच्या, "भावांना वाटतंय, त्यांनी मला फसवलंनी. आंबे काय हो, दर साली येतात."

मी एकदा विचारलं, "तुम्ही स्वतः कधी भिंगातून बघितलंत का?"

"अप्पांच्या शब्दाला भिंग लावू?" त्या इतक्या चिडल्या, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

लांज्याचे एक काजूवाले शेट होते. त्यांनी टांकसाळीतून टपालानं प्रूफ नाण्यांचा संच मागवला होता. बंद प्लॅस्टिकच्या पेटीत आलेला. शेटनी पेटी फोडली, आणि मुलीच्या साखरपुड्यात नाणी ताटात मांडून पाहुण्यांत फिरवली, काजूगरांच्या ताटाबरोबर. चार महिन्यांनी ती नाणी घेऊन ते मोठ्या दिमाखात पडवीत आले. बाईंनी एक नाणं उजेडाला धरलं, मला दाखवलं. आरशावर एक अंगठा कायमचा उमटला होता, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. बाई म्हणाल्या, "शेट, नाणं गेलं. अंगठा मात्र सुरेख उठलाय, तो जपा." शेट हसले. घरी जाईपर्यंत त्यांना कळलं नसावं. मीही हसले होते.

वेळणेश्वरच्या म्हातारीच्या वेळी मात्र हसायला आलं नाही. तिचा मुलगा बोटीवर होता, रजेवर आला होता, तो आईला घेऊन आला. म्हातारीनं कनवटीची पुरचुंडी सोडली. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. तिच्या सासऱ्याला कुणा साहेबानं बक्षीस दिलेला. दिव्यासारखा लखलखत होता. "दर दिवालीला मीच घासतंय, बाय," ती कौतुकानं म्हणाली. "चिंच लावून, मगे रांगोलीनं. लक्षुमीम्होरं ह्योच ठेवतंय. सुनांच्या हातात नाय देत."

बाईंनी नाणं बराच वेळ पाहिलं. मग भिंग माझ्याकडे दिलं. मी पाहिलं. रेघा अक्षरांवरून गेल्या होत्या, हजारो. राजाचं नाक, कान, मुकुट सगळं गुळगुळीत. पण कडेच्या दात्यांच्या आत, चिंच पोचली नाही अशा दोन-चार जागी, अजून मूळचा आरसा शिल्लक होता. "बोला," बाई म्हणाल्या.

"प्रूफ होतं," मी म्हटलं.

म्हातारी मुलाकडे बघून हसली. तिला ते कौतुकच वाटलं. मी तेवढ्यावर सोडलं असतं. बाई पुढे सरकल्या आणि समजावून सांगायला लागल्या, पोरांना सांगतात तशा, एकेक शब्द सुटा. "आजी, हे फार मोठं नाणं होतं. सासऱ्यांनी दिलंनी तेव्हा जिवंत होतं. तुम्ही दर दिवाळीला थोडं थोडं मारलंत. पन्नास वर्षं लागली, पण मारलंत."

म्हातारीचं हसू तसंच राहिलं, नुसतं तोंडावर. "देवाम्होरं मलका कसा ठेवू, बाय?"

"देवाला भिंग नसतं," बाई म्हणाल्या. "मळका चालला असता."

मुलगा उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा बाईंच्या अंगावर जातो. पण त्यानं फक्त आईच्या दंडाला धरलं. म्हातारीनं रुपया परत पुरचुंडीत बांधला. पदरानं पुसायला गेली आणि थांबली. पुढच्या दिवाळीनंतर तो मुलगा मला मांडवीच्या धक्क्यावर भेटला. म्हणाला, "आये नाण्याला हात नाय लावत आता. औंदा पूजेलाच ठेवलान नाय. इचारलं तर बोलते, मी मारलंय त्याला." हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उशिरा का होईना, कळलं." आणि पेपर तपासायला लागल्या.

मग माझी पाळी आली. माझी आई गेली, तेव्हा तिच्या माळेतला एक राणीछाप रुपया माझ्या वाट्याला आला. मला शिवणाच्या बाईंचा सल्ला आठवत होता, तरी मी तो शाळेत नेला. का नेला, ते मला आज सांगता येत नाही. बहुधा सहा वर्षांनंतर मला वाटत होतं, की माझ्यासाठी एक चहा होईल. मधल्या सुट्टीत, सगळ्या शिक्षकांच्या देखत, बाईंनी रुपया पाहिला आणि भिंग मलाच दिलं.

"माझंच नाणं आहे, बाई. दुसऱ्या कुणाला तरी..."

"नजर आहे ना तुमची? बोला."

मी पाहिलं. "वरच्या कडेला डाग दिल्याची खूण आहे. कडी लावली होती."

"पुढे."

"कडी काढून जागा घासलीय."

"पुढचं म्हणा."

"मोडीचं आहे," मी म्हटलं. चांदीच्या नाण्याला त्या 'चालवा' म्हणायच्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. बाईंनी मान डोलावली, विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर डोलवायच्या तशी. मी त्यांचा त्या दिवशी मनापासून द्वेष केला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पडवीत जाऊन बसले.

त्यानंतरच्या वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. बाईंच्या निवृत्तीचंही तेच वर्ष. मुख्याध्यापकांनी चित्रकलेच्या खोलीत नाण्यांचं प्रदर्शन ठरवलं आणि मधल्या काचेच्या पेटीत बाईंचा रुपया ठेवायचं नक्की केलं. उद्घाटनाला गावकरी येणार होते. बाईंचे दोघे भाऊही, कारण त्यांनी महोत्सवाला देणगी दिली होती. बाई आठ दिवस तरंगत होत्या. निळी मखमल आणली. भावांना कुठे उभं करायचं, तेसुद्धा त्यांनी ठरवलं होतं: बरोबर पेटीसमोर. स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, 'प्रूफ. सालाचा आकडा दुहेरी.' आणि खाली दोन नावांसाठी जागा सोडली. परीक्षा करणाऱ्या दोघांची नावं. प्रत्येक चिठ्ठीवर तशी होती. इतर चाळीस चिठ्ठ्यांवर मी सह्या केल्या होत्या. ह्या एका चिठ्ठीपाशी येऊन बाई थांबल्या.

"न बघता करा सही," त्या म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. "अप्पांची रीत मोडायची?"

मी हे निरागसपणे म्हटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला आईचा रुपया आठवत होता.

बाईंनी गळ्यातलं भिंग काढलं. डबी उघडली. दुपारचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर येत होतं, ह्याहून चांगला उजेड मिळाला नसता. मी रुपया कडेनं धरला आणि तिरपा केला. पहिल्यांदा तो नुसता सुंदर दिसला. सिंहांच्या मागची जमीन म्हणजे नुसता आरसा. मग मी भिंग जवळ नेलं.

रेघा केसाहून बारीक होत्या. इतक्या हलक्या हातानं घासलेलं नाणं मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या अक्षरांवरून गेल्या होत्या. अक्षरांच्या कुशीत काळं होतं. कणसांच्या दाण्यांमध्ये बाजारात फिरलेल्या नाण्याचा मळ होता. आणि पाचाच्या पोटाजवळची सावली चपटी होती, पायरीसारखी.

मी वर पाहिलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मी खोटं बोलू शकले असते. एक सही करायची होती, रत्नागिरीत तिसरं कोणी ओळखणारं नव्हतं. भाऊ येऊन बघून गेले असते, आणि ही बाई त्या एका दुपारवर उरलेलं आयुष्य काढू शकली असती. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं.

"बोला," त्या म्हणाल्या.

"रेघा अक्षरांवरनं गेल्यायत, बाई."

"पाच?"

"अंग खाल्लंय त्याचं. ठसा हललाय."

त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुढचं म्हणा."

"चलनी आहे."

"पुढचं."

"चालवा," मी म्हटलं. आणि मला बरं वाटलं. ते किती वेळ टिकलं ते सांगत नाही, पण वाटलं.

तेव्हा बाईंनी भिंग माझ्या हातून घेतलं, डावा डोळा मिटला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो रुपया पाहिला. खूप वेळ पाहिला. खाली मैदानात पोरं लेझीमची तालीम करत होती. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"हात अप्पांचाच आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा इतका हलका नाही."

प्रदर्शनात मधली पेटी रिकामी राहिली. निळी मखमल तशीच. मुख्याध्यापक चिडले, पाहुणे विचारत राहिले. भाऊ पेटीसमोर उभे राहिले, थोरल्यानं विचारलं, "अगो, अप्पांचा रुपया कुठाय?" बाई म्हणाल्या, "नाही आणला." त्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा खाली बघत होता. त्यांना आधीपासून ठाऊक होतं की काय, हे मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. नाण्याखेरीज दुसरं काही बाईंनी मला ओळखायला शिकवलंच नव्हतं.

नंतर मला लाज वाटायला लागली आणि मी झाडगावात गेले. मी मनाशी एक जुळवणी करून नेली होती. म्हटलं, "बाई, टांकसाळीतून बाहेर पडताना माणसांची झडती घेतात म्हणे. प्रूफ बाहेर आणणं अप्पांना शक्यच नसणार. म्हणून त्यांनी बाजारातला एक रुपया घेतला आणि तुमच्यासाठी स्वतःच्या हातानं आरसा केला. किती दिवस बसले असतील!"

बाई सुपारी कातरत होत्या. "मग तसं सांगायचं होतंनी," त्या म्हणाल्या. "घासलेलाही घेतला असता हो मी." अडकित्ता थांबला. "हक्कसोडीवर सही तेवढी केली नसती."

त्यानंतर रविवारची पडवी बंद झाली. कोणी आलंच तर बाई आतूनच सांगायच्या, "हल्ली दिसत नाही." डोळे उत्तम होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एसटी स्टँडवर, सहा-आठ महिन्यांनी. खोल्या सोडून त्या पुण्याला मावसबहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. चिपळूणपर्यंतची गाडी होती. मी खिडकीशी उभी होते. आम्ही गाडी किती वाजता पोचेल ह्यावर बोलत होतो. गळ्यात भिंग नव्हतं. गोफाची फिकट खूण तेवढी होती.

कंडक्टर आला. बाईंनी नोटा दिल्या. "बाई, वर एक रुपया सुट्टा द्या. माझ्याकडं चिल्लर कमी हाय," तो म्हणाला. त्यांनी पाकीट चाचपलं. मग पिशवीत हात घातला आणि शिसवी डबी काढली. मी खिडकीच्या गजाला धरलं. माझ्या पर्समध्ये रुपये होते, सुट्टे, तीन-चार तरी. मी पर्स उघडली नाही. का, ते विचारू नका.

बाईंनी कापूस बाजूला केला आणि रुपया उचलून पुढे धरला. अंगठा आणि तर्जनी, कडेनं. कंडक्टरनं तो अख्ख्या मुठीत घेतला, अंगठ्यानं चोळून बघितला.

"लय गुलगुलीत हाय ओ. चालंल ना?"

"चलनी आहे," बाई म्हणाल्या. "चालवा."

त्यानं तो चामड्याच्या पिशवीत टाकला. बाकीच्या चिल्लरवर पडल्याचा आवाज झाला. त्यानं तिकीट फाडून बाईंना दिलं, आणि बाईंनी ते कडेनं धरलं.